दुर्बिणीला सावली हवी

पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, हर्निया, गर्भाशयातल्या गाठी अशा कितीतरी आजारांसाठी पूर्वी पोट उघडावे लागे; आता ही ऑपरेशने सर्रास दुर्बिणीतून होतात. डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले, ती भारतातली अशा प्रकारची पहिली शस्त्रक्रिया. आज तालुक्याच्या गावातही ती होते. जखम लहान, दुखणे कमी, रुग्ण लवकर कामावर, हे फायदे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाहीत. या फायद्यांची किंमत मात्र सर्जनच्या नजरेला मोजावी लागते आणि तिची चर्चा ऑपरेशन थिएटरबाहेर फारशी होत नाही. पोटात शिरणारी नेहमीची दुर्बीण एका डोळ्याची असते आणि तिने टिपलेले चित्र सपाट पडद्यावर उमटते. कात्रीचे टोक नलिकेला टेकले आहे की दोन मिलिमीटर अलीकडेच आहे, हे सर्जनला अंदाजाने ठरवावे लागते. या अडचणीवर आजवर जे उपाय शोधले गेले त्यांचा रोख मुख्यतः कॅमेऱ्यावर राहिला. माझे म्हणणे असे की उपायाचा मोठा भाग दिव्यात आहे. दुर्बिणीचा उजेड किती आहे याची आपण बारकाईने काळजी घेतली. तो कोणत्या बाजूने येतो याची घेतली नाही.

खोली आपल्याला कळते ती दोन डोळ्यांमुळे, असे शाळेपासून शिकवले जाते आणि ते खरेच आहे. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या बारीक फरकावरून मेंदू खोली जाणतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली आपल्या स्टिरिओस्कोपने दाखवून दिले. पण एक डोळा मिटूनही माणूस जिना उतरू शकतो, कारण मेंदूजवळ इतर खुणाही असतात. जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते. ओळखीची वस्तू लहान दिसली की ती लांब आहे हे कळते. डोके थोडे हलवले की जवळचे जास्त सरकते, दूरचे कमी. आणि वस्तूच्या अंगावरचा छायाप्रकाश, तसेच तिची शेजारी पडलेली सावली, तिचा आकार आणि जागा सांगते. आता यातले काय पोटाच्या आत उरते ते पाहू. दोन डोळ्यांची खूण गेली. डोके हलवून उपयोग नाही, कारण कॅमेरा बहुधा सहायकाच्या हातात असतो आणि सर्जनने मान वळवली तरी पडद्यावरचे चित्र तसेच राहते. ओळखीच्या मापाच्या वस्तू आत नाहीत. अवजारे सोडली तर सरळ रेषाही नाही, सगळे ओले, गुळगुळीत आणि लालसर. राहता राहिली एकमेकांना झाकण्याची खूण आणि छायाप्रकाश. यातला छायाप्रकाश आपण आपल्या हाताने पुसून टाकतो.

तो कसा, हे दुर्बिणीची रचना पाहिली की कळते. पोटाच्या ऑपरेशनची नेहमीची दुर्बीण दहा मिलिमीटर जाडीची सरळ नळी असते. मधोमध भिंगांची रांग आणि तिच्या भोवती, नळीच्या कडेने, काचेचे बारीक तंतू. बाहेरच्या पेटीतला झगझगीत दिवा केबलमधून या तंतूंत उजेड सोडतो आणि तो भिंगाच्या सभोवार कड्यासारखा बाहेर पडतो. म्हणजे जिथून पाहायचे जवळजवळ तिथूनच उजेड टाकायचा. दिवा भिंगाच्या अक्षापासून फार तर पाच मिलिमीटर बाजूला आणि समोरचा अवयव आठ सेंटिमीटर लांब धरला, तर उजेडाची दिशा आणि नजरेची दिशा यांत साडेतीन अंशांचा फरक पडतो. शिवाय उजेड सगळ्या बाजूंनी सारखाच येत असल्याने तेवढाही फरक फिटून जातो. सावल्या पडतात, पण प्रत्येक वस्तूच्या नेमक्या मागे पडतात आणि भिंगाला दिसत नाहीत. सुईच्या टोकाची सावली सुईनेच झाकलेली असते. उजेड बाजूने आला असता तर सुई खाली येताना तिची सावली ऊतीवर सरकत तिच्याकडे आली असती, आणि ज्या क्षणी टोक टेकले त्या क्षणी टोक आणि सावली एकमेकांना भिडली असती. टाका घालणाऱ्या हाताला याहून नेमकी सूचना कुठली मिळणार?

बाजूच्या उजेडाचे सामर्थ्य माणसाला दुर्बिणीनेच शिकवले, फक्त ती दुर्बीण आकाशाकडे रोखलेली होती. पौर्णिमेचा चंद्र पाहताना सूर्य जवळजवळ आपल्या पाठीशी असतो; त्यामुळे चंद्रावरचे डोंगर आणि विवरे चपटी होतात, नुसते काळे-पांढरे डाग उरतात. अष्टमीच्या चंद्रावर मात्र उजेड आणि अंधार यांच्या सीमेपाशी प्रत्येक विवराचा काठ उठून दिसतो. गॅलिलिओने १६०९ साली त्या सीमेपलीकडच्या अंधाऱ्या भागात चमकणारे ठिपके पाहिले, ती सूर्यप्रकाशात न्हालेली डोंगरमाथी आहेत हे ओळखले आणि सीमेपासूनच्या त्यांच्या अंतरावरून डोंगरांची उंची काढली. १६१० साली त्याने ते छापले. त्याची दुर्बीणही एका डोळ्याचीच होती, आणि चंद्र इतका लांब की दोन डोळे असूनही खोली कळण्याची सोय नव्हती. उंची त्याला तिरप्या उजेडाने दिली. शरीराच्या आत पाहणाऱ्या दुर्बिणीने हा धडा घेतला नाही, कारण तिचा सगळा इतिहास अंधाराशी झगडण्यात गेला. फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनीने १८०६ साली मेणबत्ती आणि आरसा वापरून शरीराच्या पोकळ्यांत डोकावणारे उपकरण पुढे आणले. फ्रान्समध्ये देझोर्मो यांनी १८५३ च्या सुमारास अल्कोहोल आणि टर्पेंटाइन जाळणारा दिवा आणला. मॅक्स निट्झे यांनी १८७९ साली मूत्राशयाच्या दुर्बिणीच्या टोकाशीच प्लॅटिनमची तापलेली तार बसवली आणि ती थंड ठेवण्यासाठी पाणी खेळवावे लागले. विसाव्या शतकाच्या मध्याला हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवले, तंतूंनीच थंड उजेडही आत नेला, आणि अंधाराचा प्रश्न मिटला. दीडशे वर्षे ज्यांना पुरेसा उजेड मिळत नव्हता त्यांनी तो मिळताच सगळीकडून ओतला, यात आश्चर्य नाही. पण प्रश्न मिटल्यावरही रचना तशीच चालू राहिली.

छायाप्रकाशाला एवढे महत्त्व द्यावे का, अशी शंका येऊ शकते. इतर खुणांपुढे ही खूण दुय्यम नाही का? डॅनियल कर्स्टन, पास्काल मामासियन आणि डेव्हिड निल यांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या शंकेला चोख उत्तर देतो. संगणकाच्या पडद्यावर एक उघडी पेटी आणि तिच्यात एक चेंडू दाखवला जातो. चेंडू पडद्यावर तिरक्या रेषेत वर सरकतो. एका चित्रफितीत त्याची सावली त्याला चिकटून त्याच रेषेत जाते, आणि पाहणाऱ्याला चेंडू पेटीच्या तळावरून मागच्या भिंतीकडे घरंगळताना दिसतो. दुसऱ्या फितीत सावली आडवी सरकत चेंडूपासून दूर जाते, आणि तोच चेंडू हवेत उचलला जाताना दिसतो. दोन्ही फितींत चेंडूचे चित्र तंतोतंत एकच असते. बदलते फक्त सावलीची वाट. चेंडूचा आकार पडद्यावर लहानमोठा होत नाही, त्यामुळे तो मागे जात नसावा असे मेंदूला वाटायला हवे. तरीही सावली जिंकते. म्हणजे आपण सर्जनच्या नजरेतून जी खूण काढून घेतली आहे ती दुबळी खूण नव्हे.

छायाप्रकाश वाचताना मेंदू दोन गोष्टी गृहीत धरतो, आणि दिवा कुठे बसवायचा हे त्यांवरूनच ठरायला हवे. उजेड एकाच उगमातून येतो आणि तो वरून येतो, ही ती दोन गृहीतके. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली साध्या वर्तुळांनी हे दाखवले. वरचा अर्धा भाग उजळ असलेली वर्तुळे फुगीर दिसतात, खालचा उजळ असलेली खळग्यासारखी. कागद उलटा केला की उंचवट्यांचे खळगे होतात. म्हणून दुर्बिणीत उजेड कोणत्याही बाजूने आणून चालणार नाही; पडद्यावर तो वरून आला पाहिजे. स्कॉटलंडमधील डंडी इथे आल्फ्रेड कुशिएरी यांच्या गटाने २००२ आणि २००४ साली नेमका हाच विषय तपासला. सावली पाडणाऱ्या उजेडात दुर्बिणीतून ठरावीक काम करायला दिल्यावर ते सपाट उजेडापेक्षा अधिक अचूक झाले. उजेड वरून असताना लाभ जास्त झाला, आणि सावली मध्यम गडद असलेली बरी ठरली. सावली फार फिकी असेल तर ती जाणवत नाही, फार काळी असेल तर तिच्याखालचे झाकले जाते. हे प्रयोग प्रयोगशाळेतल्या कामांवर होते, जिवंत रुग्णांवर नव्हते, हे ध्यानात ठेवूनही त्यांचा निष्कर्ष दृष्टिशास्त्राशी इतका जुळतो की तो बाजूला सारण्याचे कारण मला दिसत नाही.

हे सगळे किती गंभीर आहे? सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली पित्ताशयाच्या दुर्बीण शस्त्रक्रियेत पित्तनलिकेला इजा झालेल्या २५२ प्रकरणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांतल्या ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण नजरेची फसगत हे निघाले. हाताचे कौशल्य कमी पडल्याची प्रकरणे अगदी थोडी. सर्जनने यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका पाहिली, ती पित्ताशयाची छोटी नलिका आहे अशी त्याची खात्री पटली, आणि त्याने ती कापली. या प्रत्येक चुकीचा दोष दिव्याला देणे अन्यायाचे होईल. सूज, चरबी, अवयव ताणण्याची पद्धत, अवयवांच्या रचनेतले फरक अशी कारणे त्यात मिसळलेली असतात आणि त्या अभ्यासाने उजेडाची दिशा तपासलेली नव्हती. पण जिथे चूक हातून न होता नजरेतून होते, तिथे नजरेला मिळणारी माहिती वाढवणे हा वरवरचा उपाय म्हणता येणार नाही.

माझ्या मते बाजूच्या उजेडाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त लाभ पोटाच्या ऑपरेशनपेक्षाही मोठ्या आतड्याच्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत आहे. या तपासणीचा हेतू आतड्याच्या अस्तरावर उगवणारे कोंब, पॉलिप, वेळीच शोधून काढणे हा असतो, कारण त्यांतल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. देठावर लोंबणारा पॉलिप सहज दिसतो. त्रास देतात ते चपटे. आंतरराष्ट्रीय पॅरिस वर्गीकरणात अस्तरापासून अडीच मिलिमीटरपेक्षा कमी, म्हणजे मिटलेल्या बायोप्सी चिमट्याच्या जाडीपेक्षा कमी उठलेल्या गाठींना चपट्या गटात घालतात, आणि त्याच कुळातल्या किंचित खोलगट गाठी आकाराच्या मानाने अधिक धोक्याच्या मानल्या जातात. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी करून केलेले अभ्यास एकत्र मांडले असता पहिल्या तपासणीत सुमारे २६ टक्के अडेनोमा, म्हणजे कॅन्सरकडे जाऊ शकणारे पॉलिप, निसटतात असे २०१९ साली दिसून आले. पुष्कळसे घड्यांच्या मागे लपलेले असतात आणि त्यांना कोणताही दिवा उघड करणार नाही. पण जे समोर असून दिसत नाहीत, ज्यांचा रंग आजूबाजूसारखाच आणि उंची नखाच्या जाडीएवढी, त्यांना उघड करण्याचे काम तिरपा उजेडच करू शकतो. डॉक्टर आज त्यासाठी अस्तरावर इंडिगो कार्मिन हा निळा रंग फवारतात. तो खाचांत साचतो आणि चढउतार उठून दिसतात. म्हणजे सावली नाही म्हणून ती रंगाने काढून घ्यावी लागते.

आणि इथे भूमिती आपल्या बाजूची आहे. कोलोनोस्कोपच्या टोकाशी कॅमेऱ्याच्या शेजारी दोन किंवा तीन प्रकाशखिडक्या आधीच असतात. आतड्याची भिंत कित्येकदा दोन सेंटिमीटरवर असते. खिडकी कॅमेऱ्यापासून पाच मिलिमीटर बाजूला धरली तर उजेड आणि नजर यांतला कोन चौदा अंशांचा होतो, पोटाच्या दुर्बिणीच्या जवळजवळ चौपट. आज सगळ्या खिडक्या एकदम सारख्या पेटतात आणि एकीची सावली दुसरी पुसते. त्या वेगवेगळ्या कमीजास्त करता आल्या, तर नळीची जाडी एका केसानेही न वाढवता तिरपा उजेड मिळतो. आणखी एक सोय आहे. आतड्यात शिरताना नळी सतत पिळली जाते, फिरते; पण कॅमेरा आणि खिडक्या एकाच टोकाला पक्क्या असल्याने त्या एकत्र फिरतात. पडद्यावर जी खिडकी वरची ती शेवटपर्यंत वरचीच राहते, आणि मेंदूचे वरून उजेड येण्याचे गृहीतक कधी मोडत नाही.

याच्या पुढची पायरीही चाचपून झाली आहे. दिवे आळीपाळीने लावून प्रत्येक दिशेच्या उजेडातले चित्र टिपले, तर पृष्ठभागाचा प्रत्येक ठिपका कोणत्या दिव्याने किती उजळला यावरून त्याचा उतार गणिताने काढता येतो. रॉबर्ट वूडहॅम यांनी १९८० साली मांडलेली ही पद्धत बॉस्टनमधल्या एका गटाने दुर्बिणीला लावून २०१३ साली प्रसिद्ध केली. ओल्या पृष्ठभागावरची चमक, दोन चित्रांच्या दरम्यान आतड्याची हालचाल, आणि दिवा अगदी जवळ असल्याने होणारा किचकट हिशेब या तिच्या खऱ्या अडचणी आहेत. तिने गाठीची मिलिमीटरमधली नेमकी उंची मिळत नाही. पण इथे काहीतरी उठले आहे, एवढे सांगता आले तरी डॉक्टरची नजर तिथे थांबेल.

आता सर्वांत वजनदार आक्षेप घेऊ. दोन कॅमेऱ्यांची थ्रीडी दुर्बीण आणि रोबोट आले असताना सावल्यांचा खटाटोप कशाला? कुशिएरी यांच्याच गटाने १९९८ साली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत तेव्हाची थ्रीडी दुर्बीण साध्या दुर्बिणीशी ताडून पाहिली, तेव्हा काही फरक आढळला नव्हता. नंतरची थ्रीडी यंत्रे पुष्कळ सुधारली, आणि त्यांनी टाके घालण्यासारखी कामे सुकर होतात हे मान्य केले पाहिजे. पण माणसाच्या दोन डोळ्यांत सहा सेंटिमीटरहून जास्त अंतर असते; एका नळीत कोंबलेल्या दोन भिंगांत ते काही मिलिमीटरच असू शकते. शिवाय दोन चित्रे जुळवायला त्यांत जुळवण्याजोगे तपशील लागतात. जिथे अस्तर एकसारखे गुळगुळीत असते तिथे दोन डोळेही अडखळतात, आणि नेमके तिथेच छायाप्रकाश उपयोगी पडतो. काही लोकांना दोन डोळ्यांनीही खोली नीट कळत नाही, त्यांना थ्रीडी पडद्याचा लाभ नाही. आतड्याच्या लवचिक नळीत दुसरा कॅमेरा बसवायला जागा मिळणे अवघड. आणि थ्रीडी यंत्रणेची किंमत जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यात यायला अजून वेळ आहे. बाजूचा उजेड थ्रीडीला विरोध करत नाही; थ्रीडी चित्रालाही तो हवाच.

दुसरा आक्षेप अनुभवी सर्जनचा. ते म्हणतात, अवजाराने हलकेच स्पर्श करून, कॅमेरा मागेपुढे करून खोली कळते, सवयीने जमते. जमते, यात शंका नाही. पण सवय होईपर्यंतचे रुग्ण कुणाचे तरी आईवडील असतात, आणि सवयीच्या हातालाही दर वेळी थोडे चाचपडावे लागते. तिसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. सावलीत रक्तस्राव झाला आणि तो दिसला नाही तर? म्हणूनच एक दिवा बंद करून दुसरा चालू करणे हा मार्ग नव्हे. एक बाजू पूर्ण, दुसरी थोडी मंद, असे प्रमाण बोटाच्या बटणावर बदलता यायला हवे, आणि रक्त दिसताच एका दाबात सगळीकडून लख्ख उजेड. एका सपाट चित्रावरून संगणक खोलीचा अंदाज बांधू लागला आहे, मग दिव्यांची काय गरज, असेही विचारले जाते. तो अंदाज आधी पाहिलेल्या चित्रांवर बेतलेला असतो. चित्रात जी माहिती आलीच नाही तिच्या जागी तो सरासरी भरतो, आणि रोगाची गाठ सरासरीत बसत नाही. त्यालाही चांगल्या उजेडातले चित्र दिले तर अंदाज सुधारेल.

पोटाच्या दुर्बिणीचे काम मात्र इतके सोपे नाही. तिथे साडेतीन अंशांनी भागणार नाही, दिवा खरोखर बाजूला न्यावा लागेल. पित्ताशयाच्या ऑपरेशनला साधारण चार छिद्रे पाडतातच. त्यांतल्या एका नळीच्या आतल्या तोंडाशी छोटा एलईडी बसवणे अशक्य नाही. तो तापता कामा नये, निर्जंतुक करता आला पाहिजे, आणि तिरक्या टोकाची दुर्बीण फिरवली तरी पडद्यावर उजेड वरूनच राहील अशी त्याची जागा निवडली पाहिजे. हे मेहनतीचे आहे, पण अडलेले नाही.

आज दुर्बीण विकत घेताना दिव्याची ताकद, कॅमेऱ्याचे पिक्सेल आणि हमीची वर्षे विचारली जातात. सरकारी रुग्णालयांच्या निविदा लिहिणाऱ्यांना आणि खासगी रुग्णालयांच्या खरेदी समित्यांना माझी विनंती आहे की पुढच्या खेपेला आणखी एक प्रश्न घाला. टोकाशी असलेले दिवे वेगवेगळे कमीजास्त करता येतात का? कुणी विचारत नाही तोवर कोणतीही कंपनी ते करणार नाही. कोलोनोस्कोपपासून सुरुवात करा. तिथे खिडक्या आधीच आहेत, बदलायचे आहे ते फक्त त्यांचे नियंत्रण.